वस्त्ररंगाईतील वर्णमापनाचा इतिहास : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

पालघर तालुक्याच्या दक्षिण भागात, केळवे-सफाळे पट्ट्यात माकुणसार हे गाव आहे. एका बाजूस किनारा आणि वाड्या, दुसऱ्या बाजूस पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग, अशा भूभागात हा पट्टा वसलेला आहे. याच मार्गाने उत्तरेस गेल्यास पालघर व उमरोळीनंतर बोईसर लागते आणि तेथे तारापूर औद्योगिक क्षेत्र पसरलेले दिसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमार गावे, पूर्वेकडील आदिवासी पाडे आणि हे औद्योगिक क्षेत्र एकाच जिल्ह्याच्या प्रशासनाखाली आले.

या किनाऱ्याला रंगाईची क्रिया अपरिचित नव्हती. नायलॉनची जाळी येण्यापूर्वी मच्छीमार आपली सुती जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. सालीतील टॅनिनमुळे सूत कुजत नसे व त्यास तांबूस छटा येई. काढा पुरेसा झाला की नाही, हे त्याच्या रंगावरून ओळखले जाई. बोईसरच्या कापड प्रक्रिया उद्योगात आज वाफेवर चालणारी जेट यंत्रे आहेत, संगणकावर आधारलेल्या प्रयोगशाळा आहेत. परंतु यंत्राच्या पोटात द्रावणातील रंग कापडावर किती चढला, याचा निर्णय अनेक लहान कारखान्यांत आजही काचेच्या ग्लासात द्रावण काढून, ते उजेडासमोर धरून केला जातो.

हे असे का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. रंग मोजण्याचे शास्त्र शंभर वर्षांपूर्वीच बरेच पुढे गेले होते. तरीही ते तयार कापडाच्या टेबलावर आणि सांडपाण्याच्या नळाच्या तोंडावर स्थिरावले; रंगाईच्या कुंडापर्यंत पोहोचले नाही. या अंतराची किंमत कारखानदाराने, कामगाराने आणि किनाऱ्यावरील मच्छीमाराने मोजली आहे.

डोळ्याने होणारी पारख

महाराष्ट्रात रंगकाम हा वंशपरंपरागत व्यवसाय होता. रंगारी व भावसार या समाजांकडे कापड रंगविण्याचे व छापण्याचे काम असे, तर निळीचे काम करणारे निराळी म्हणून ओळखले जात. निळीचे कुंड हे पारखीच्या ज्ञानाचे उत्तम उदाहरण होय. नीळ पाण्यात विरघळत नाही. किण्वनाने तिचे क्षपण झाले म्हणजेच ती विद्राव्य होते आणि त्या अवस्थेत कुंडातील द्रव पिवळसर हिरवा दिसतो. वर निळा-तांबूस फेस येतो. कापड बाहेर काढल्यावर हवेतील प्राणवायूने ते डोळ्यांदेखत हिरव्याचे निळे होते. द्रवाचा रंग, फेसाचा रंग आणि वास या खुणांवरून कुंड ‘तयार’ आहे की ‘आजारी’ आहे, हे कारागीर सांगे. म्हणजेच पारंपरिक रंगारी कापडाइतकेच कुंडातील द्रवाकडे लक्ष देत असे. ही गोष्ट पुढील इतिहासाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

विल्यम पर्किनने १८५६ मध्ये मॉव्ह हा कृत्रिम रंग तयार केला. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी मंजिष्ठातील अलिझारीन प्रयोगशाळेत बनविले आणि १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. या घटनांनी वनस्पतिजन्य रंगांचा व्यापार मोडला, हे सर्वश्रुत आहे. त्यांचा दुसरा परिणाम मात्र कमी चर्चिला गेला आहे. रंग पुडीच्या रूपाने, वजनावर मिळू लागला. कृतीचे कोष्टक कंपनीकडून आले. अशा स्थितीत कुंडाची पारख करण्याची गरज उरली नाही असे वाटू लागले आणि सर्व लक्ष निघालेल्या कापडाच्या छटेवर केंद्रित झाले.

गिरणीतील डाईंग मास्तर हा या नव्या व्यवस्थेचा मध्यवर्ती पुरुष होता. ओले कापड सुक्यापेक्षा गडद दिसते. म्हणून तो तुकडा कापून, धुऊन, इस्त्रीखाली वाळवून मूळ नमुन्याशी ताडून पाही. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते. म्हणून तो खिडकीशी जाई. रात्रपाळीत ही सोय नसे. छटा कमी पडली तर थोडा रंग वाढवून पुन्हा वाफ दिली जाई, अधिक झाली तर रंग उतरवावा लागे. या प्रत्येक दुरुस्तीत पाणी, वाफ, रसायने आणि यंत्राचा वेळ पुन्हा खर्च होत असे.

प्रकाशमापनाचे शास्त्र

रंगीत द्रवातून जाताना प्रकाश किती कमी होतो, याचा अभ्यास फ्रान्समधील बूगे याने १७२९ मध्ये व लँबर्ट याने १७६० मध्ये केला. प्रकाशाचे शोषण द्रवातील पदार्थाच्या प्रमाणाशी निगडित आहे, हे ऑगस्ट बेअर याने १८५२ मध्ये दाखविले. या तिघांच्या कार्यातून निघालेल्या नियमाचा आशय साधा आहे : द्रवाची जाडी तीच ठेवली, तर प्रकाशाच्या शोषणावरून त्यात विरघळलेल्या रंगाचे प्रमाण काढता येते. १८५४ च्या सुमारास द्युबोस्क याने दोन द्रवस्तंभ शेजारी ठेवून तुलना करणारा वर्णमापी बनविला. त्यातही अंतिम निर्णय डोळ्याचाच असे.

डोळ्याची जागा घेणाऱ्या साधनाची सुरुवात १८७३ मध्ये झाली. त्या वर्षी विलोबी स्मिथ याने सेलेनियमवर प्रकाश पडला असता त्याचा विद्युतरोध बदलतो, ही माहिती प्रसिद्ध केली. १९३१ हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित करून प्रत्येक रंगास आकड्यांत मांडण्याची सोय केली. त्याच वर्षी कुबेल्का व मुंक यांनी अपारदर्शक थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे समीकरण मांडले. यामुळे कापडावरील रंगाचे प्रमाण परावर्तनावरून काढणे शक्य झाले. १९५८ मध्ये अमेरिकेत छटा जुळविणारा गणकयंत्राचा पहिला व्यापारी प्रकार आला आणि १९७६ मध्ये आयोगाने स्वीकारलेल्या ‘लॅब’ पद्धतीने दोन छटांमधील अंतर एका अंकाने सांगता येऊ लागले. आज निर्यातदार ज्या ‘डेल्टा-ई’च्या भाषेत बोलतो, तिचे मूळ येथे आहे.

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. बेअरचा नियम द्रवाचा आहे. कुबेल्का-मुंक समीकरण कापडाचे आहे. वस्त्रोद्योगाने दुसरे उचलले, कारण खरेदीदार कापड पाहतो, कुंड पाहत नाही. माल स्वीकारावा की परत पाठवावा, हा व्यापारातील वाद मिटविण्यासाठी वर्णमापनाचा विस्तार झाला. पाणी वाचविणे किंवा रंग कमी वाया घालविणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता.

मुंबईतील रंगशास्त्राची परंपरा

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापिली. १८७९ मध्ये नौरोजी वाडिया यांनी सूत रंगविण्याचा लहानसा कारखाना काढला. तोच पुढे बॉम्बे डाईंग म्हणून प्रसिद्ध झाला. रंगशास्त्राचे उच्च शिक्षण मात्र त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी सुरू झाले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. वस्त्ररसायन हा त्याच्या आरंभीच्या अभ्यासक्रमांपैकी एक होता. माटुंगा येथील आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर प्रमाण मानला गेला. वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी १९५४ मध्ये बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली.

म्हणजे बोईसरपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर रंगशास्त्राचे जागतिक दर्जाचे ज्ञान उपलब्ध होते. मोठ्या गिरण्यांतील तंत्रज्ञ या संस्थांतूनच शिकून येत. परंतु या ज्ञानाची साधने महाग होती. स्पेक्ट्रोफोटोमीटर हे प्रयोगशाळेचे, वातानुकूलित खोलीतील यंत्र होते आणि आजही चांगल्या यंत्राची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. मोठ्या गिरणीला ते परवडणारे होते. उद्योगाचे स्वरूपच बदलल्यावर ते कोणाला परवडणार, हा प्रश्न निर्माण झाला.

गिरण्यांकडून प्रक्रिया कारखान्यांकडे

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. मुंबईतील उद्योगांची गर्दी कमी करून ते बाहेर न्यावेत, हे राज्याचे धोरण होते. ठाणे-बेलापूर, डोंबिवली व तारापूर ही औद्योगिक क्षेत्रे या धोरणातून वाढली. तारापूरचे नाव देशाला आधीच परिचित झाले होते. तेथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. रेल्वे, महामार्गाचे सान्निध्य आणि सूर्या नदीचे पाणी यांमुळे बोईसरजवळ औषधे, रंग व रंगांची मध्यवर्ती रसायने, पोलाद आणि कापड प्रक्रिया यांचे कारखाने उभे राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सूत कातण्यापासून रंगाईपर्यंत सर्व कामे एकाच आवारात करणारी संयुक्त गिरणी त्यापूर्वीच दुबळी झाली होती. संपानंतर ती झपाट्याने मागे पडली. विणाई भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे आणि रंगाई स्वतंत्र प्रक्रिया कारखान्यांकडे गेली. असा कारखाना कापडाचा मालक नसतो. तो मजुरीवर दुसऱ्याचे ग्रे कापड रंगवून देतो. व्यापारी छटेचा तुकडा देतो, तारीख ठरवितो व मीटरमागे दर ठरवितो. छटा न जुळल्यास नुकसान कारखान्याचे होते. अशा व्यवस्थेत प्रयोगशाळेवरील खर्च कमीत कमी ठेवण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. गिरणीतील डाईंग मास्तरचा अनुभव या लहान कारखान्यांत आला, परंतु त्यामागे उभी असलेली प्रयोगशाळा आली नाही.

याच काळात रंगांचा प्रकारही बदलला होता. १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने सुती कापडाशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. ते चमकदार व पक्के असल्याने लोकप्रिय झाले. परंतु हे रंग अल्कलीच्या सान्निध्यात कापसाशी जसे संयोग पावतात तसेच पाण्याशीही पावतात. पाण्याशी संयोग पावलेला रंग कापडास धरत नाही. त्यामुळे साधारणतः ६० ते ८० टक्के रंग कापडावर पक्का होतो व उरलेला मिठासह धुऊन निघतो. छटा चुकून पुन्हा रंगाई करावी लागली की हा अपव्यय आणखी वाढतो.

सांडपाणी आणि नळाच्या तोंडावरील मापन

तारापूर क्षेत्रातील कारखान्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्राकडे व तेथून वाहिनीने नवापूरच्या किनाऱ्याकडे नेले जाते. दररोज २५ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र तेथे दीर्घकाळ कार्यरत होते. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यात पूर्ण विरघळतात व जीवाणूंच्या साहाय्याने होणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेत सहजासहजी नष्ट होत नाहीत. माकुणसार या वाहिनीपासून दूर दक्षिणेस आहे. परंतु नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी या गावांचे जीवन खाडी व समुद्रावर अवलंबून आहे. किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा अंक ९३.६९ आला, तो देशात सर्वाधिक होता. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने नुकसानभरपाई आकारण्याचा निर्णय दिला. या प्रदूषणात रसायन व औषध उद्योगांचाही मोठा वाटा असल्याने त्याचा दोष केवळ रंगाईवर टाकता येणार नाही. तथापि डोळ्यांना प्रथम दिसते ते रंगीत पाणी, हेही नाकारता येत नाही.

शासनाची प्रतिक्रिया मापनाच्या मार्गाने आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रवर्गांतील अतिप्रदूषक उद्योग व सामाईक प्रक्रिया केंद्रे यांनी सांडपाण्याचे अखंड मापन करणारी उपकरणे बसवावीत, असा निर्देश दिला. यांतील अनेक उपकरणे अतिनील व दृश्य प्रकाशाच्या शोषणावर चालतात. १० ऑक्टोबर २०१६ च्या अधिसूचनेने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यातील रंगावर १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची मर्यादा घातली. हे एकक १८९२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलन हेझन याने सुचविलेल्या प्रमाणातून आले आहे. पालापाचोळ्यामुळे पिवळसर झालेले नैसर्गिक पाणी तपासण्यासाठी ते होते. लाल किंवा निळ्या रंगाच्या सांडपाण्यास ते नीट लागू पडत नाही, ही त्याची मूळची मर्यादा आहे.

याप्रमाणे प्रकाशमापन उद्योगाच्या दोन टोकांना स्थिर झाले. एका टोकाला खरेदीदारासाठी कापड मोजले जाऊ लागले, दुसऱ्या टोकाला नियंत्रकासाठी पाणी. पहिल्या मापनात चूक कळते तेव्हा कापड रंगून झालेले असते. दुसऱ्यात कळते तेव्हा रंग पाण्यात गेलेला असतो. चूक जेथे घडते ते रंगाईचे कुंड मात्र बहुतांशी मापनाबाहेर राहिले.

कुंडातील मापन आणि स्वस्त संवेदक

कुंडाचे मापन करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९७० च्या दशकातील इंधनटंचाईनंतर अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत टिंचर व कुक यांनी वापरून झालेल्या द्रावणातील उरलेला रंग प्रकाशशोषणावरून मोजून, त्यात भर घालून तेच द्रावण पुन्हा वापरण्याचे प्रयोग केले. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी रंगाई चालू असतानाच द्रावणाचे विश्लेषण करण्याच्या पद्धती विकसित केल्या. शास्त्र सिद्ध होते. अडसर किमतीचा होता.

ही किंमत उतरण्यास कारण ठरलेला शोध वस्त्रोद्योगाबाहेरचा आहे. तांबडा प्रकाश देणारा डायोड १९६२ मध्ये बनला होता व हिरवा त्यानंतर आला. तेजस्वी निळा डायोड मात्र जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सिद्ध केला. रंगाईच्या दृष्टीने हा विलंब निर्णायक होता. बहुतेक छटा पिवळ्या, लाल व निळ्या अशा तीन रंगांच्या मिश्रणातून बनतात. निळा रंग तांबडा-नारिंगी प्रकाश शोषतो, लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो आणि पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो. म्हणून निळा डायोड मिळेपर्यंत स्वस्त साधनाने पिवळा रंग नीट मोजता येत नव्हता. १९९३ नंतर तिन्ही प्रकाश काही रुपयांत मिळू लागले. सिलिकॉनचा प्रकाशग्राही डायोडही तितकाच स्वस्त झाला. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हे खुल्या आराखड्याचे सूक्ष्मनियंत्रक पटल तयार झाल्यावर नोंद व गणिताचे कामही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले.

अशा संवेदकाची रचना सोपी असते. यंत्रातील द्रावणाचा बारीक प्रवाह थंड करून व गाळून काही मिलिमीटर रुंदीच्या काचेच्या कोशातून नेला जातो. कोशाच्या एका बाजूस तीन रंगांचे डायोड आळीपाळीने पेटतात, दुसऱ्या बाजूस प्रकाशग्राही असतो. दुसरा प्रकाशग्राही डायोडचा प्रकाश सरळ मोजतो. त्यामुळे उष्णतेने डायोड मंदावला तरी हिशेब चुकत नाही. तीन शोषणांकांवरून तीन रंगांचे उरलेले प्रमाण काढता येते. मिनिटागणिक नोंद केली असता रंग द्रावणातून कापडावर कसा चढतो, याचा आलेख मिळतो. आलेख फार वेगाने उतरू लागला तर कापडावर डाग पडण्याची भीती असते; तेव्हा तापमानवाढ किंवा अल्कलीची मात्रा रोखता येते. आलेख सपाट झाला तर अधिक काळ वाफ देण्यात फारसा अर्थ नसतो.

मर्यादा

या साधनाविषयी अवाजवी आशा बाळगणे योग्य ठरणार नाही. द्रावण फार दाट असेल तर बेअरचा नियम सरळ रेषेत राहत नाही. कोश अधिक अरुंद करावा लागतो किंवा नमुना पातळ करावा लागतो. फेस, हवेचे बुडबुडे व कापडाचे तंतू प्रकाश अडवितात, काचेवर रंग बसतो. पॉलिएस्टरसाठी वापरले जाणारे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, कणरूपाने तरंगतात. तेथे प्रकाश शोषला जाण्याबरोबरच विखुरलाही जातो. सर्वांत गंभीर मर्यादा रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची आहे. कापडास धरू शकणारा रंग व पाण्याशी संयोग पावून निकामी झालेला रंग हे दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. द्रावणात किती रंग आहे हे प्रकाश सांगतो. त्यांपैकी किती उपयोगी आहे हे सांगत नाही. शिवाय मीठ रंगहीन असते. रंगहीन झालेले सांडपाणी निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या मर्यादांमुळे डाईंग मास्तरचे महत्त्व संपत नाही. आलेखातील उतार बुडबुड्याचा की रंगाचा, हे ओळखण्यास त्याचाच अनुभव लागतो. तो अनुभव सहसा लिहिलेला नसतो आणि मास्तर निवृत्त झाला की कारखान्यातून निघून जातो. प्रत्येक रंगाईचा आलेख जपून ठेवला आणि त्याखाली मास्तरचा शेरा नोंदविला, तर हे ज्ञान काही प्रमाणात टिकून राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पारंपरिक रंगारी कुंडातील द्रवाची पारख करीत असे. कृत्रिम रंगांच्या युगात ही दृष्टी मागे पडली. दुसरी, वर्णमापनाची साधने व्यापार व नियमन यांच्या गरजेनुसार वाढली. उत्पादनाच्या प्रत्यक्ष क्षणाशी त्यांचा संबंध क्षीण राहिला. तिसरी, १९८२ नंतर रंगाई लहान कारखान्यांकडे गेल्याने हे अंतर अधिक रुंदावले. चौथी, १९९३ नंतर स्वस्त झालेल्या प्रकाशसाधनांमुळे ते कमी करणे आर्थिकदृष्ट्या शक्य झाले आहे.

पालघर, बोईसर व परिसरातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे विभाग आहेत. बेअरचा नियम तेथील प्रात्यक्षिकांत शिकविला जातो. तोच नियम जवळच्या औद्योगिक क्षेत्रातील कुंडाला लावून पाहण्यास आज मोठ्या अनुदानाची गरज उरलेली नाही. गरज आहे ती कारखानदार, डाईंग मास्तर व अध्यापक यांनी एका टेबलावर बसण्याची. नवापूरच्या वाहिनीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी, कापड यंत्रात फिरत असतानाच ठरलेला असतो. त्याचे मापनही तेथूनच सुरू झाले पाहिजे.